रात्री आठची गोळी

आमच्या खडेबाजारातल्या घरी रोज रात्री आठला गजर वाजतो. धाकट्या भाऊजींच्या गोळीचा. सासूबाईंनी त्यांना आपली किडनी दिली, त्याला नऊ वर्षं झाली. ऑपरेशन एकदाच झालं, गोळी मात्र बारा-बारा तासांनी, जन्मभर. असं का, हे समजून घ्यायला मी वाचू लागले आणि त्या गोळीच्या इतिहासातच गुंतले.

किडनी जोडण्याचं काम डॉक्टरांना बऱ्याच आधी जमलं होतं. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनला जोसेफ मरे यांनी एका भावाची किडनी दुसऱ्याला बसवली आणि ती चालली. पण ते भाऊ हुबेहूब जुळे होते, म्हणून शरीराला ती परकी वाटलीच नाही. एरवी आईची किडनीसुद्धा लेकाच्या शरीराला पूर्ण आपली वाटत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिला घरात शिरलेला चोर समजतात. यावर उपाय म्हणून तेव्हा रुग्णाच्या अंगभर क्ष-किरण सोडून बघितले. प्रतिकार थांबला खरा, पण मग साध्या जंतूंनाही तोंड देता येईना. बहुतेक रुग्ण दगावले.

वाट सापडली ती औषधातून, आणि इथे गर्ट्रूड एलियन या बाईंविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जन्म १९१८, न्यूयॉर्क. त्या पंधरा वर्षांच्या असताना आजोबा कॅन्सरने गेले, म्हणून रसायनशास्त्र घेतलं. पण बाईमाणसाला प्रयोगशाळेत कोण घेणार? शाळेत शिकवलं, एका किराणा कंपनीसाठी लोणच्याची आंबटता तपासली. (आपण जन्मभर तेच करतो, बिनपगारी!) १९४४ साली जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली काम मिळालं. डॉक्टरेट राहूनच गेली. या दोघांनी कॅन्सरवर शोधलेल्या औषधाने प्रतिकारही मंदावतो, असं दिसून आलं. एका तरुण इंग्रज सर्जनने किडनी बसवलेल्या कुत्र्यांवर ते वापरलं. हे वाचताना जीव चरकतो, पण लपवून कसं चालेल? त्यातूनच अझाथायोप्रिन आलं. १९६२ मध्ये मृत व्यक्तीची किडनी या औषधाच्या आधाराने टिकली, आणि लवकरच जोडीला स्टिरॉइड आलं. १९८८ साली एलियनबाईंना नोबेल मिळालं.

आपल्याकडे पहिला प्रयत्न मुंबईच्या केईएममध्ये १९६५ साली झाला, यश आलं ते १९७१ मध्ये वेल्लोरला.

पुढची औषधं चक्क मातीतून निघाली. सँडोज कंपनीच्या एका माणसाने सुट्टीवर असताना नॉर्वेच्या पठारावरची चिमूटभर माती आणली. तिच्यातल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळालं. किडन्या कितीतरी जास्त टिकू लागल्या. पण या औषधाने चेहऱ्यावर लव वाढते, हिरड्या सुजतात. पोरीबाळींना ते किती जड गेलं असेल! १९८४ साली जपानात त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या जंतूपासून टॅक्रोलिमस सापडलं. भाऊजींची गोळी तीच, तिच्या नावातला 'ट' त्सुकुबाचा. जमिनीखालचा कांदा-बटाटा न शिजणाऱ्या आमच्या घरात जमिनीतल्या जंतूची गोळी! पपनस मात्र बंद, त्याने गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.

तिसऱ्या वर्षी पर्युषणात भाऊजींनी कुणाला न सांगता निर्जळ उपास धरले, रात्रीचं तोंडात काही घालायचं नाही म्हणून गोळ्याही सोडल्या. चौथ्या दिवशी पाय सुजले. क्रिएटिनिन वाढलं होतं. दवाखान्यात शिरेतून स्टिरॉइड दिलं, आठ दिवस ठेवून घेतलं, तेव्हा कुठे सावरलं.

घरी आल्यावर भाऊजी म्हणाले, "आई, व्रत मोडलं की माझं."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उपास तू कर की. किडनी माझी हाय, ती नाही करणार."

तेव्हापासून गजर त्यांच्याच मोबाईलवर आहे.