सोन्याला बांधलेला रेणू

तिकिटाच्या खिडकीमागील कारकुनाचा हात किती चपळ आहे, हे तासाभरात खपलेल्या तिकिटांवरून ठरविता येईल काय? उतारू जर नदीपलीकडून होडीने चार-चार करून येत असतील, तर मुळीच नाही. मोजली जाईल ती होडीची गती, कारकुनाची नव्हे. विद्युत्-रसायनशास्त्रज्ञांपुढे अनेक दशके हीच अडचण उभी होती.

द्रावणात बुडविलेल्या धातूच्या पट्टीस विद्युदग्र म्हणतात. द्रावणातील रेणू वाट काढीत तिच्याजवळ येतो व तिला एक इलेक्ट्रॉन देतो, किंवा तिच्याकडून घेतो. ही देवघेव किती त्वरेने होते? युलिउस टाफेल यांनी १९०५ मध्ये दाखविले, की विद्युद्दाब सारख्या पायऱ्यांनी वाढविल्यास प्रवाह पटीपटीने वाढतो. पुढे बटलर, आणि १९३० मध्ये एर्डे-ग्रूझ व फोल्मर यांनी या नियमाला गणिती बैठक दिली. नियम सोयीचा खरा. पण त्याला अंतच नव्हता. दाब वाढवावा आणि वेगाने वाढतच जावे!

१९५६ मध्ये, ब्रुकलिन येथे अध्यापन करणाऱ्या रुडॉल्फ मार्कस यांनी निराळा विचार मांडला. इलेक्ट्रॉन निघण्यापूर्वी रेणूला आणि त्याच्या भोवतीच्या द्रावकाला आपली मांडणी बदलावी लागते, आणि त्या पुनर्रचनेला ऊर्जा लागते. प्रेरक ऊर्जा या ऊर्जेपर्यंत पोहोचली, की वेगाची वाढ संपली पाहिजे. दोन रेणूंमधील देवघेव त्यापुढे उलट मंदावेल; धातूत इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या असंख्य असल्याने तेथे वेग एका मर्यादेशी स्थिरावेल.

पडताळा मात्र मिळेना. वेग वाढला की रेणूंचा पुरवठा अपुरा पडे आणि प्रवाह खुंटे. हे खुंटणे सिद्धान्तामुळे की होडीमुळे, हे कोणी सांगावे?

उपाय एकच होता : उतारूंना खिडकीपाशीच आणून बसविणे. गंधकयुक्त रेणू सोन्यावर आपोआप शिस्तीने उभे राहतात, हे नझो व अलारा यांनी १९८३ मध्ये बेल प्रयोगशाळेत दाखविले होते. त्याच संस्थेतील क्रिस्टोफर चिडसे यांनी लांब कार्बनी साखळीच्या एका टोकाला गंधक आणि दुसऱ्या टोकाला फेरोसीन, म्हणजे दोन कार्बनी कड्यांमध्ये लोखंडाचा अणू धरलेला रेणू, जोडला. फेरोसीनांची आपसांत गर्दी होऊ नये म्हणून मध्ये साध्या साखळ्या मिसळल्या. मग दाब एकदम बदलून प्रवाह कसा ओसरतो ते पाहिले. प्रत्येक फेरोसीनपाशी द्यावयास इलेक्ट्रॉन एकच. तेव्हा ओसरण्याची त्वरा हीच देवघेवीची त्वरा.

मला स्वतःला साखळीची योजना सर्वांत चतुर वाटते. साखळीत एक दुवा वाढविला, की वेग सुमारे एकतृतीयांशावर येतो. देवघेव मुद्दाम इतकी मंद केली, की उपकरणाला तिच्याबरोबर चालता यावे!

१९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोठ्या दाबाला टाफेलची सरळ रेषा वाकली होती, आणि तीही मार्कस यांच्या गणिताप्रमाणे. पुनर्रचनेची ऊर्जा निघाली ०.८५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पुढच्याच वर्षी मार्कस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रेणूंमधील मंदावण्याचा पुरावा मात्र मिलर व क्लॉस यांनी १९८४ मध्येच दिला होता.

दाब एका गतीने पुढे-मागे नेऊन असाच वेग काढण्याची रीत लाव्हिरों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये सांगितली होती. श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन वाहून नेणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिनही आता अशाच थरांवर बसवून तपासले जाते.