बासरची सरस्वती आणि जपानची बेंतेन

मुधोळ म्हटले की आपल्याला घोरपड्यांचे संस्थान आणि तिथले शिकारी कुत्रे आठवतात. ते मुधोळ कर्नाटकातले. मी सांगतो आहे ते दुसरे, तेलंगणातले. हैदराबाद संस्थानाच्या काळात हा तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि तो आदिलाबाद जिल्ह्यात गेला. २०१६ पासून तो निर्मल जिल्ह्यात मोडतो. गाव जागचे हलले नाही, पत्ता तेवढा बदलत गेला. या मुधोळजवळच गोदावरीच्या काठी बासर हे ज्ञानसरस्वतीचे क्षेत्र आहे.

नांदेडहून रेल्वेने मी बासरला गेलो होतो. व्यासांनी नदीच्या वाळूतून इथे तीन देवी स्थापन केल्या, अशी कथा आहे. सरस्वती, शेजारी लक्ष्मी आणि तिथेच महाकाली. सरस्वतीला हळदीचा लेप असतो. देवळात लहान मुलांच्या अक्षराभ्यासाची ही गर्दी! माझ्यापुढे एक आजोबा नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. पुरोहिताने मुलाचा हात धरून पाटीवर तेलुगूत अक्षरे गिरवून घेतली. ती झाल्यावर आजोबांनी तोच हात आपल्या हाती घेतला आणि खाली हळूच 'श्री' काढला, आपल्या बाळबोध लिपीतला. माझे लक्ष आहे असे पाहून म्हणाले, "आम्ही मुधोळचे. घरात मराठीच."

मला आमच्या शाळेतले सरस्वतीपूजन आठवले. एकाचे आकडे जोडून पाटीवर काढलेली सरस्वती आठवली. आणि का कोण जाणे, मन एकदम जपानला गेले.

कारण हीच देवी तिथेही आहे. तिथे तिचे नाव बेंझाइतेन, लोकांच्या तोंडी लाडाने बेंतेन. 'बेन' म्हणजे वाणी, 'झाइ' म्हणजे प्रतिभा, 'तेन' म्हणजे देव. आपल्या वाग्देवीचेच हे जपानी नाव. ती गेली ग्रंथातून. 'सुवर्णप्रभास' या बौद्ध सूत्रात सरस्वतीवर एक अध्याय आहे. इत्सिंग या चिनी भिक्षूने ७०३ साली त्याचे संस्कृतातून चिनीत भाषांतर केले. ७४१ साली सम्राट शोमूने प्रांतोप्रांती मठ बांधून तिथे हे सूत्र ठेवण्याची आज्ञा दिली. या सूत्रातली सरस्वती अष्टभुजा आहे, आणि तिच्या हातांत धनुष्य, बाण, खड्ग, परशू अशी शस्त्रे आहेत. नारा येथील तोदाइजी मठात तिची आठव्या शतकातली मातीची मूर्ती आहे.

पुढे तिच्या हाती बिवा हे वाद्य आले, आपल्या वीणेच्या जागी. मूळची नदी असल्यामुळे की काय, तिने पाणी काही सोडले नाही. एनोशिमा, चिकुबुशिमा, इत्सुकुशिमा ही तिची तिन्ही मोठी ठाणी बेटांवर आहेत. मग नावातल्या 'झाइ'साठी लोक त्याच उच्चाराचे दुसरे चित्राक्षर लिहू लागले. त्याचा अर्थ धन! कामाकुराच्या गुहेतल्या झऱ्यात लोक आजही पैसे धुतात. बेंतेनच्या कृपेने ते वाढतात, अशी श्रद्धा आहे.

शस्त्रे, विद्या आणि धन. बासरच्या तीन देवी जपानात एकाच मूर्तीत नांदताहेत, असे मला वाटले.

अक्षरांचेही तसेच. ८०६ साली कूकाइ हा भिक्षू चीनहून परतला, तो सिद्धम् ही भारतीय लिपी घेऊन. त्या लिपीच्या अभ्यासातून जपानी वर्णमालेचा क्रम लागला. जपानी मूल आजही अ, इ, उ, ए, ओ म्हणते आणि मग क, स, त, न या ओळी घोकते. आपल्या मुळाक्षरांचा सांगाडा तिथे लगेच ओळखू येतो.

पण या देवीलाही एकदा कोणीतरी विचारलेच, तू नक्की कोणाची? १८६८ साली मेइजी सरकारने शिंतो देवस्थाने आणि बौद्ध मठ वेगळे करण्याचा हुकूम काढला. हजार वर्षे दोघांचा संसार एकत्र होता. इत्सुकुशिमाच्या देवस्थानातली बेंतेन शेजारच्या दाइगानजी मठात हलवली गेली. देवस्थानावर इचिकिशिमाहिमे या जपानी देवीचे नाव राहिले.

गोमंतकीयाला हे वाचून परके वाटत नाही. सोळाव्या शतकात आपला मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. त्याच शतकात, १५४९ साली, फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला उतरला. हा भारतातून आलेला आणखी एक बौद्ध पंथ असावा, असे तिथल्या लोकांना आधी वाटले होते! देव भारतातूनच यायचे, ही त्यांची जुनी सवय.

हुकुमाने बेंतेन संपली का? नाही. जपानी माणूस मूल झाले की शिंतो देवस्थानात जातो, घरात कोणी गेले की बौद्ध भिक्षूला बोलावतो, आणि यात त्याला विसंगती वाटत नाही. पाटीवर नाव कोणतेही असो, तो बेंतेनसामाच म्हणतो.

सरकारे रेषा काढतात. त्यांना त्या काढाव्याही लागतात. पण माणसे आणि देव त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधीच राहत असतात, हे ध्यानात ठेवलेले बरे. आपल्या गोव्यात भाषेवरून भांडताना मला ती बासरची पाटी आठवते. वर तेलुगू अक्षरे, खाली 'श्री'. दोन्हींवर हळदीची बोटे उमटली होती. देवीने कोणतीच ओळ पुसली नाही.