दिनविशेष : ३१ ऑक्टोबर
सरदारांचे धोतर आणि शिल्पकाराची कसोटी

नर्मदेकाठी केवडियाजवळ उभारलेल्या सरदार वल्लभभाई पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे २०१८ मध्ये आजच्या दिवशी, सरदारांच्या जयंतीला, अनावरण झाले. शिल्पकार राम सुतार तेव्हा ९३ वर्षांचे होते.

धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे सुतार मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले. पुढे पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांची डागडुजी केली आणि मग दिल्ली गाठली. गांधीसागर धरणावरची त्यांची ४५ फुटी चंबळमाता दोन लेकरांना जवळ घेऊन उभी आहे; एक लेकरू मध्य प्रदेश, दुसरे राजस्थान. पाणीवाटपाचे भांडण इतक्या मायेने क्वचितच कुणी मांडले असेल. संसदेच्या आवारातले ध्यानस्थ गांधीजीही त्यांचेच.

केवडियाला खरी पंचाईत केली ती सरदारांच्या पेहरावाने. घोळदार झगा किंवा घोडा असला की शिल्पाला खाली रुंद बूड मिळते. इथे धोतर आणि चपला, म्हणजे पायाशी निमुळते आणि वर खांद्याशी भरदार. वाऱ्याच्या माऱ्यात असा पुतळा उभा ठेवणे अभियंत्यांना जड गेले, पण पेहराव बदलला नाही, हे बरेच झाले. सुतारांच्या ३० फुटी नमुन्याचे त्रिमितीय स्कॅनिंग करून आराखडा तयार झाला. कांस्याचे पत्रे चीनमधल्या ओतशाळेत ओतले गेले. त्यावरून टीकाही झाली.

सुतारांना २०१६ मध्ये पद्मभूषण मिळाले होते. महाराष्ट्रभूषण जाहीर व्हायला २०२५ उजाडले, तेव्हा त्यांची शंभरी भरली होती.