न झालेली लढाई

कांहीं लढाया झाल्या म्हणून गाजल्या. डॉर्किंगची लढाई मात्र कधींच न होतां गाजली.

इ. स. १८७० च्या सप्टेंबरांत सेदान येथें फ्रान्सचा बादशहा प्रशियनांच्या हातीं सांपडला. पुढच्या जानेवारींत पॅरिस पडलें. तेव्हां इंग्लंडांतील विचारी माणसांच्या मनांत आलें कीं, उद्यां आपली पाळी आली तर? या शंकेला मे १८७१ च्या ‘ब्लॅकवुड्स मॅगझीन’मध्यें एका निनांवी लेखकानें कथेचें रूप दिलें. हे लेखक म्हणजे बंगाल इंजिनियर्समधील अधिकारी जॉर्ज चेस्नी. १८५७ सालीं दिल्लीच्या वेढ्यांत ते जखमी झाले होते.

कथेंतील वृद्ध स्वयंसैनिक आपल्या नातवंडांना पन्नास वर्षांपूर्वींची हकीकत सांगतो. इंग्रजांचें आरमार दूरदूरच्या समुद्रांत विखुरलेलें असतें. जें जवळ असतें त्याचा शत्रु नाश करतो. जर्मन बोलणारी फौज दक्षिण किनाऱ्यावर उतरते आणि लंडनच्या दक्षिणेस डॉर्किंगच्या टेकड्यांवर निकराची लढाई होते. इंग्रज शौर्यांत उणे पडत नाहींत. परंतु शिधा वेळेवर येत नाहीं, हुकुमांचा मेळ बसत नाहीं आणि स्वयंसैनिकांची कवाईत अपुरी ठरते. फळी फुटते. अखेरीस शत्रूचे शिपाई एका इंग्रज गृहस्थाच्या घरांत बसून त्याचेंच अन्न खातात. व्यापार बुडतो, वसाहती जातात, हिंदुस्थानहि कायमचा हातचा जातो.

या कथेनें एवढी खळबळ उडविली कीं, मुख्य प्रधान ग्लॅडस्टन यांना त्याच सप्टेंबरांत जाहीर भाषण करून लोकांना सावध करावें लागलें.

पुढें १९१४ मध्यें जर्मनीशीं युद्ध जुंपलें आणि तें चार वर्षांहून अधिक चाललें; पण डॉर्किंगच्या टेकड्यांवर शत्रु चढला नाहीं. भविष्य म्हणून कथा खोटी ठरली. तरी तींत एक सत्य होतें. सप्टेंबर १८५७ मध्यें दिल्ली पडली, तेव्हां तेथील रहिवाशांना घरेंदारें सोडून वेशीबाहेर जावें लागलें व शहर लुटलें गेलें. चेस्नी हे त्या जेत्या सैन्यांतले. चौदा वर्षांनीं त्यांनीं जिंकलेल्या देशाची दैना लिहिली, ती स्वतःच्या देशाची. दिल्लीचें नांव न घेतांहि ती कथा हेंच सांगते कीं, पराभूताचें दुःख जेत्याला कळतें तें आपल्या उंबरठ्यावर परका शिपाई उभा राहिल्यावर; निदान तशी कल्पना मनांत आल्यावर.