मोठ्यानं वाचणाऱ्यांचा जिल्हा

बीड जिल्ह्याला पुस्तकांचं काय घेणंदेणं, असं पुण्यामुंबईचा कुणी पाहुणा म्हणाला की मी त्याच्यापुढे आधी दासोपंतांची पासोडी काढतो. म्हणजे नुसतं नाव काढतो. पाहायला अंबाजोगाईलाच यावं लागतं. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापड, त्यावर बारीक अक्षरात ओव्या आणि मधेमधे आकृत्या. विषय वेदान्तातल्या पंचीकरणाचा, म्हणजे भलताच रुक्ष. दासोपंत (१५५१–१६१५) मूळचे नारायणपेठेचे, पण आयुष्य काढलं अंबाजोगाईत. गीतेवर त्यांनी सव्वा लाख ओव्या लिहिल्या आणि त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, असं गावात सांगतात. शाईचा हिशेब कुणी ठेवला असेल असं वाटत नाही. कापड मात्र आहे, आणि न. शे. पोहनेरकरांनी डोळे फोडून ते वाचलं, छापलं, म्हणून तुमच्याआमच्यापर्यंत आलं.

माझा आपला एक तर्क आहे. एवढं कापड कुणी मांडीवर घेऊन एकट्यानं वाचत नाही. ते भिंतीवर लावायचं, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा आणि चारजणांनी शंका काढायच्या. आमच्याकडं वाचनाची रीत हीच. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०चा म्हणतात. तो अंबाजोगाईत लिहिला की वैनगंगेकाठच्या आंभोऱ्यात, हा वाद जुना आहे. (आमच्या गावात तो न काढलेला बरा.) पण कुठंही लिहिलेला असो, तो लोकांपर्यंत पोचला कानांवाटे.

श्रावणात आजोबांच्या ओसरीवर ‘हरिविजय’ची पोथी लागायची. आजोबा वाचायचे आणि अर्थ सांगायला एक सोनार यायचे. ऐकणाऱ्यांत निम्म्यांना अक्षरओळख नव्हती, पण चूक पहिल्यांदा धरायचे तेच. ‘मागल्या साली तुम्ही असं नव्हतं सांगितलं,’ असं एखादी म्हातारी आतल्या दारातून म्हणाली की सोनारकाका पान मागे उलटायचे. ओसरीवर कोण बसणार आणि अंगणाबाहेर कोण उभं राहणार, हे मात्र जातीवरून ठरायचं. पोथीच्या आठवणीनं डोळे ओले करणारे लोक एवढं नेमकं विसरतात.

निजामाच्या अमदानीत अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं आणि सरकारदरबारची भाषा उर्दू. सभा घ्यायची तर परवानगी लागे. त्यामुळे शाळा आणि वाचनालय हेच राजकारणाचं घर झालं. १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ इथं योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले आणि तीन वर्षांनी निजामविरोधी चळवळीत पूर्णवेळ गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेलं. १९६७ साली महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा झाला, वाचनालयांना अनुदान सुरू झालं. १९८३ मध्ये व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन अंबाजोगाईतच भरलं. अनुदानानं कपाटं भरली, हे खरं. पण वाचन मुकं झालं ते त्याच काळात. पुस्तक घरी न्यायचं, गुपचूप वाचायचं, शिक्का मारून परत करायचं.

आम्ही काही रिकामटेकडे निवृत्त लोक आता संध्याकाळी पुन्हा मोठ्यानं वाचतो. नव्या कादंबऱ्यांची परीक्षा तिथं चटकन होते. आमच्यातल्या एकाची जमीन माजलगावच्या धरणात गेली. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ वाचताना तो मोबदल्याच्या प्रत्येक जागी थांबवायचा आणि आपल्या वेळचा भाव सांगायचा. कादंबरी त्याच्या उलटतपासणीत टिकली. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तीही धरणग्रस्तांचीच आणि मागे राहिलेल्या म्हशींची. ती वाचताना हा गडी भाव बोललाच नाही. एवढंच म्हणाला, ‘आमची गाय जुन्या गोठ्याच्या जागी जाऊन उभी राहायची, पाणी पोटाला लागेपर्यंत.’ माझं मत त्या दिवशी ठरलं: ‘झाडाझडती’ जास्त सांगते, ‘रिंगाण’ जास्त जाणते.

जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या मात्र आमच्या बैठकीत आडव्या होतात. सगळी पात्रं एकाच आवाजात भाषण करतात. वाचणाऱ्याचा घसा बसतो. त्या मानानं आमच्याच गावच्या रंगनाथ तिवारींची ‘बेगम समरू’ कितीतरी सरस, आणि ती फारशी कुणी वाचलेली नसते.

ललितेतर पुस्तकांत मी बीडच्या नरेंद्र चपळगावकरांचा पक्षपाती आहे. न्यायमूर्ती होते, आणि ‘तीन न्यायमूर्ती आणि त्यांचा काळ’ किंवा रामानंद तीर्थांवरचं ‘कर्मयोगी संन्यासी’ वाचताना ते कळतं: दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय माणूस निकाल देत नाही. वर्ध्याच्या २०२३च्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जानेवारी २०२५ मध्ये गेले. तक्रार एकच, त्यांना राग येत नाही. राग हवा असेल तर अनंत भालेरावांचं ‘पेटलेले दिवस’ घ्यावं. रझाकारांचा काळ दोघांच्या पुस्तकांतून जोडीनं वाचला तरच पुरता कळतो.

एक जागा मात्र अजून रिकामी आहे. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केजची गावं ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला साखर कारखान्यांकडं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधी अंगावर, फड नंतर. २०१९ साली तोडणीवाल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, चौकशी समिती बसली. अहवाल झाले, कविता झाल्या, कथाही आहेत. पण कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या आतून, पाचटावर झोपून मोठं झालेल्या माणसानं लिहिलेली, सबंध हंगाम पेलणारी कादंबरी मला अजून भेटायची आहे.

ज्यांचं बालपण कोपीत गेलं अशी मुलंमुली आज बीड-अंबाजोगाईच्या कॉलेजांत शिकताहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे: लिहा, आणि छापायच्या आधी आमच्याकडं घेऊन या, आम्ही मोठ्यानं वाचू. उचल, तोडलेले टन आणि उरलेलं देणं, हा मुकादमाचा हिशेब त्यात आकड्यांसकट असू द्या. ऐकणारे तो तपासणार आहेत.