शस्त्रकोश आणि उपकरणसंच : रुग्णालयीन शल्योपकरणांच्या व्यवस्थेचा इतिहास

शल्यशास्त्राचा इतिहास बहुधा थोर शल्यविशारदांच्या व त्यांनी प्रथम केलेल्या शस्त्रक्रियांच्या अनुरोधाने लिहिला जातो. शस्त्रक्रियेपूर्वी उपकरणे कोणी निवडली, ती किती होती, आणि शस्त्रक्रिया आटोपल्यावर ती सर्व परत आली की नाही, हे प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारले जातात. वस्तुतः रुग्णाचे प्राण अनेकदा ह्याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून राहिले आहेत. ह्या दृष्टीने पाहता एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात येते. उपकरणांची मालकी शल्यविशारदाकडून रुग्णालयाकडे गेली. परंतु कोणते उपकरण ठेवावे व कोणते काढून टाकावे हे ठरविण्याची जबाबदारी तिच्याबरोबर कोणा एकाकडे स्पष्टपणे गेली नाही. आजच्या रुग्णालयांतील उपकरणसाठ्याच्या पुष्कळशा अडचणींचे मूळ ह्या विसंगतीत आहे.

उपकरणांची पद्धतशीर मोजदाद भारतीय परंपरेला अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेत यंत्रांची संख्या १०१ सांगितली असून तिची फोडही दिली आहे : स्वस्तिकयंत्रे २४, संदंश २, तालयंत्रे २, नाडीयंत्रे २०, शलाकायंत्रे २८ आणि उपयंत्रे २५. धारदार शस्त्रे २० मानली असून छेदन, भेदन, लेखन, वेधन इत्यादी आठ कर्मांप्रमाणे त्यांचा उपयोग लावून दिला आहे. अर्थात हे वर्गीकरण केवळ आकारावर बेतलेले नाही. प्रत्येक शस्त्राचे प्रयोजन आधी ठरले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर शस्त्रे ठेवण्याच्या कोशाचेही माप आढळते. तो नऊ अंगुळे रुंद व बारा अंगुळे लांब असावा, रेशीम, लोकर, मऊ चामडे अशा पदार्थांचा चांगला शिवलेला असावा, आणि आतील शस्त्रे लोकरीने एकमेकांपासून वेगळी राहावीत, असा त्याचा आशय आहे. कोशाचे माप ठरलेले असल्यामुळे त्यात मावणाऱ्या शस्त्रांनाही आपोआपच मर्यादा पडत असे. जो वैद्य शस्त्र वापरी, तोच ते बाळगी व निवडी.

युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्थिती फारशी निराळी नव्हती. पॅरिसच्या शार्रिएरसारख्या नामांकित कारागिरांनी घडविलेली उपकरणे मखमलीचे अस्तर लावलेल्या लाकडी पेटीत ठेवलेली असत. प्रत्येक उपकरणासाठी पेटीत त्याच्याच आकाराची खाच असे. एखादी खाच रिकामी राहिली की ते ताबडतोब दृष्टीस पडे. मोजदादीच्या दृष्टीने ही रचना उत्तम होती. जंतूंच्या दृष्टीने मात्र मखमल, लाकूड आणि हस्तिदंती मुठी ही सर्वच सामग्री घातक होती, हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते.

१८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने आपली जंतुनाशक पद्धती प्रसिद्ध केली. १८७९ मध्ये पाश्चरचा सहकारी शार्ल शांबेरलां ह्याने दाबाखालील वाफेचे पात्र तयार केले. पुढे बर्लिनमध्ये बेर्गमान व शिमेलबुश ह्यांनी वाफेने आणि सोडा घातलेल्या उकळत्या पाण्याने निर्जंतुकीकरण करण्याची रीत रूढ केली. ह्या पद्धतींपुढे मखमलीची पेटी टिकणे शक्य नव्हते. मुठींसह संपूर्ण धातूची उपकरणे आली. १९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्लीने गंजरोधक पोलाद तयार केल्यावर त्यांचे आयुष्यही वाढले. वाफेची यंत्रे अवजड व महाग असल्याने ती रुग्णालयातच बसविणे भाग होते. जेथे निर्जंतुकीकरण, तेथेच उपकरणे, ह्या न्यायाने उपकरणे शस्त्रक्रियागृहातील काचेच्या कपाटांत गेली. शस्त्रक्रियेच्या दिवशी परिचारिकेने ती आठवणीने काढावी, उकळावी व मांडावी, असा क्रम पडला. रिकामी खाच नाहीशी झाली आणि तिची जागा परिचारिकेच्या स्मरणशक्तीने घेतली.

ह्या व्यवस्थेतील उणीव प्रथम दाखविणाऱ्यांत फ्रँक गिल्ब्रेथ हा अमेरिकन अभियंता होता. गवंड्यांच्या हालचालींच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेल्या ह्या गृहस्थाने १९१० नंतरच्या काही वर्षांत शस्त्रक्रियागृहांतील हालचालींचे निरीक्षण केले. शल्यविशारदाचा पुष्कळसा वेळ उपकरण शोधण्यात जातो, असे त्याचे प्रतिपादन होते. उपकरणांची मांडणी ठराविक असावी, आणि शल्यविशारदाने मागताच सहायकाने नेमके उपकरण त्याच्या हाती द्यावे, हा त्याने सुचविलेला उपाय होता. आज जगभर रूढ असलेली ही पद्धत, रुग्ण भुलीखाली असताना वाया जाणारी मिनिटे वाचविण्याच्या विचारातून पुष्ट झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. ब्रिटनमधील नफील्ड प्रांतिक रुग्णालय न्यासाने सहा रुग्णालयांतील निर्जंतुकीकरणाची पाहणी करून १९५८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यात प्रचलित पद्धतींतील गंभीर दोष उघड झाले आणि मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभागांच्या कल्पनेस बळ मिळाले. १९६३ मध्ये जंतुशास्त्रज्ञ बोवी, मज्जाशल्यविशारद गिलिंगहॅम आणि त्यांचे सहकारी ह्यांनी एडिंबरो येथील पूर्वरचित तबकांची पद्धती प्रसिद्ध केली. विशिष्ट शस्त्रक्रियेस लागणारी उपकरणे आधीच एका तबकात लावून, गुंडाळून व वाफवून शस्त्रक्रियागृहाकडे पाठवावयाची, हे तिचे सूत्र होते. शस्त्रक्रियागृहात आज ज्याला ट्रे किंवा संच म्हणतात, त्याच्या प्रमुख पूर्वजांपैकी हे एक तबक होय. परिचारिकेच्या स्मरणाची जागा लिखित यादीने घेतली. हरवलेली खाच एका अर्थी परत मिळाली; फक्त आता ती कागदावर होती.

यादीचे महत्त्व किती, हे पुढील दोन घटनांनी सिद्ध केले. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाचा नवा प्रकार जाहीर झाला. त्याचे कारण असलेली प्रथिने नेहमीच्या वाफेला दाद देत नाहीत. त्यामुळे कोणते उपकरण कोणत्या रुग्णासाठी वापरले, हे सांगता येणे आवश्यक ठरले. एका संचातील चिमटा दुसऱ्यात गेला की तो मागच तुटत असे. २००१ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांसाठी एकदाच वापरावयाची उपकरणे सक्तीची करण्यात आली. परंतु रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्याने त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती सक्ती मागे घ्यावी लागली. उपकरण फेकून देणे हा उपकरणाचा हिशेब ठेवण्याला पर्याय होऊ शकत नाही, हा त्याचा बोध.

दुसरी घटना २००३ मधील. अतुल गवांदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शरीरात वस्तू राहून गेलेल्या ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. राहिलेल्या वस्तूंपैकी ६९ टक्के कापडी पट्ट्या व ३१ टक्के उपकरणे होती. जेथे मोजणी झाली होती, तेथे ८८ टक्के वेळा शेवटची मोजणी बरोबर असल्याचे समजले गेले होते. मोजणी होणे आणि मोजणी खरी असणे ह्यांत अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ मधील सुरक्षा-यादीत, रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी ही मोजणी तोंडी जाहीर करण्याची अट घातली गेली, ती ह्या पार्श्वभूमीवर विशेष अर्थपूर्ण ठरते.

यादी असली तरी ती वाढतच जाते, हा तिचा स्वाभाविक दोष आहे. एक शल्यविशारद आपल्या आवडीची कात्री तीत घालतो. तो गेल्यावर कात्री मात्र राहते. उपकरण कमी पडल्यास दोष परिचारिकेवर येतो, जास्त पडल्यास कोणावरच येत नाही. शिकागो येथील विद्यापीठ रुग्णालयातील २०१४ च्या अभ्यासात ह्याचे प्रमाण दिसून आले. कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांत तबकातील सरासरी १३ टक्के, तर मज्जाशल्यक्रियांत सुमारे २२ टक्के उपकरणेच प्रत्यक्ष वापरली गेली. तबक एकदा उघडले की न वापरलेले उपकरणही धुवावे, तपासावे व पुन्हा वाफवावे लागते. इतकेच नव्हे, तर ते मोजावेही लागते. म्हणजे अनावश्यक उपकरण चुकीची आणखी एक संधी निर्माण करते. ह्याउलट सिअ‍ॅटल येथील व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लहान छेदाने केल्या जाणाऱ्या पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियांसाठी असलेली उपकरणे १९७ वरून ५८ वर आणली गेली आणि मांडणीचा वेळही घटला.

ह्या सर्व इतिहासाचा निष्कर्ष असा की, साठा किती मोठा ह्यापेक्षा संच किती नेमका, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वाग्भटाच्या कोशाला माप होते आणि त्याला एक धनी होता. आधुनिक तबकालाही तशाच दोन गोष्टींची आवश्यकता आहे : यादी कोणी व केव्हा तपासली ह्याची नोंद, आणि तिच्यातून उपकरण वगळण्याचा अधिकार असलेली जबाबदार व्यक्ती. शल्यविशारद, परिचारिका व निर्जंतुकीकरण विभाग ह्यांनी एकत्र बसून हे ठरविल्यावाचून नवी कपाटे व नवी गणकयंत्रे जुन्याच अव्यवस्थेची अधिक नीटनेटकी नोंद ठेवतील, एवढेच.