दप्तर कोणाच्या घरी?

2023 च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांना मोडी वाचणाऱ्या माणसांची एकाएकी गरज पडली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेले दप्तरांचे रुमाल सुटू लागले. त्यात सर्वाधिक मागणी होती कोतवाल बुकाला. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, गावातल्या जन्ममृत्यूची नोंदवही. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोण पटकीने गेला, त्याच्या बापाचे नाव काय, जात काय, हे त्यात एका ओळीत मांडलेले असे. बहुतेक गावांत ही बातमी आणणारा महार वतनदार आणि ती लिहिणारा कुलकर्णी. ज्याने पायपीट करून बातमी आणली त्याला आपण सांगितले तेच लिहिले का, हे पडताळण्याची सोय नव्हती.

गावच्या कागदांचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो. कागद कोणाच्या ताब्यात आणि तो वाचता कोणाला येतो?

जुन्या व्यवस्थेत गावाचे दोन भाग मानले जात: वस्तीची पांढरी आणि पिकाची काळी. दोन्हींचा कारभार पाटलाचा, लेखणी कुलकर्ण्याची. कुलकर्णीपण हे वतन, बापाकडून मुलाकडे जाणारे. त्यामुळे दप्तरही घरातच राहत असे, फडक्यात गुंडाळून, फडताळात किंवा माळ्यावर. कोणाची किती जमीन, कोणाकडे किती बाकी, कोणते शेत पडीक, हे सगळे त्या रुमालात. लिपी मोडी. भराभर लिहिण्यासाठी उत्तम, पण शिकलेली नसेल तर अक्षरओळख असलेल्यालाही ती उलगडत नाही. शेतकऱ्याला आपल्याच जमिनीबद्दल काही कळायचे तर कुलकर्ण्याच्या ओसरीवर जाऊन बसावे लागे आणि तो सांगेल ते ऐकावे लागे.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांना या दप्तरांची किंमत लगेच कळली, कारण सारा त्यावरच अवलंबून होता. प्रिंगल या अधिकाऱ्याने 1820 च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी आणि प्रतवारी सुरू केली. कागदावर त्याची पद्धत फार सूक्ष्म होती. शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यायचा. पण ते उत्पन्न ठरवणारे हाताखालचे कारकून पैसे खाऊन प्रत बदलत होते आणि दरही जड होते. इंदापूर भागातले शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. 1835 मध्ये गोल्डस्मिड हा दुसरा अधिकारी तिथे पोचला तेव्हा नोंदी इतक्या बिघडलेल्या होत्या की त्या दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा मोजणी करणे त्याला सोपे वाटले. त्याच्या जोडीला विंगेट आला. इंदापुरात 1836 पासून नवे, हलके दर लागले आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यात पक्की केली. साऱ्याचा एकदा ठरलेला आकार 30 वर्षे बदलायचा नाही, हा तिचा कणा.

या मोजणीचे हत्यार आजही मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यात आहे. 33 फुटांची शंकू साखळी, तिचे 16 आणे. साखळी लांब आणि साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे झाले की एकर. भर उन्हात दोन माणसे साखळी ताणून धरत, मोजणीदार आकडा ओरडून सांगे, दुसरा टिपणात तो उतरवून घेई. त्या टिपणावर शेताची आकृती, प्रत्येक बाजूचे माप, शेजारच्या शेताचा नंबर. दीडशे वर्षांनंतरही बांधाचे भांडण भूमी अभिलेख कार्यालयात पोचते तेव्हा शेवटचा शब्द अनेकदा याच पिवळ्या पडलेल्या टिपणाचा असतो. त्या साखळीने केलेले काम फार प्रामाणिक होते, हे मान्य करावेच लागते.

जमिनीला असा नंबर आणि ठरलेला आकार मिळाला, तशी ती तारण ठेवण्याजोगी झाली, आणि सावकाराच्या घरी दुसरे दप्तर तयार होऊ लागले. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे. अंगठा लावणाऱ्याला आपण कशावर अंगठा लावतो आहोत ते ठाऊक नसे. 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. तिथून पसरलेल्या दख्खनच्या दंग्यांत हे सारखे दिसते की जमावाचा डोळा मुख्यतः कागदांवर होता. रोखे ताब्यात घ्यायचे आणि जाळायचे. वाचता न येणाऱ्या माणसांना कागदाची ताकद नेमकी कळली होती. सरकारने पुढे 1879 चा दख्खन शेतकरी कायदा केला आणि शेतकऱ्याचे दस्त ग्राम निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद केली. त्रयस्थ माणसाने मजकूर वाचून दाखवावा आणि मग सही किंवा अंगठा घ्यावा, ही साधी गोष्ट कायद्यात यायला दंगा व्हावा लागला.

कुलकर्ण्याच्या लेखणीवर महाराष्ट्रात जितके लिहिले गेले तितके क्वचितच दुसऱ्या कोणा गावकामगारावर लिहिले गेले असेल. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या अज्ञानाचा आणि या लेखणीचा संबंध पुन्हा पुन्हा उघड केला. नेवासा तालुक्यातल्या तरवडीहून ‘दीनमित्र’ चालवणाऱ्या मुकुंदराव पाटलांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिले. ते खेड्यापाड्यांत वाचले गेले, कारण ऐकणाऱ्याच्या घरात तसे काही ना काही घडलेलेच होते. सगळे कुलकर्णी लबाड होते असे नाही, अनेकांनी पिढ्यान्‌पिढ्या चोख हिशेब ठेवले. दोष व्यवस्थेतच होता. दप्तर वंशपरंपरेचे, आणि तपासणारा कोणी नाही.

पहिला निर्णायक घाव कोल्हापुरात बसला. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतने बंद केली आणि पगारी तलाठी नेमले. उरलेल्या मुंबई राज्यात हे घडायला स्वातंत्र्य यावे लागले. 1950 च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने संपली आणि दप्तर एका घराण्याच्या माळ्यावरून तलाठ्याच्या सज्जावर आले.

दरम्यान कागदाचे रूपही बदलले होते. विंगेटच्या नोंदी सारा कोण भरतो एवढेच सांगत. जमिनीत हक्क कोणाकोणाचे, हे लिहायला 1903 चा हक्कनोंदणीचा कायदा आला, 1913 मध्ये तो जमीन महसूल कायद्यात मिसळला. अँडरसन या अधिकाऱ्याच्या मॅन्युअलने गावाचे हिशेब 1 ते 21 नमुन्यांत बसवले. नमुना सहा म्हणजे फेरफार, आठ-अ म्हणजे खातेदाराची एकूण जमीन, सात म्हणजे हक्क आणि बारा म्हणजे पीकपाणी. यातले सात आणि बारा एका पानावर आले आणि मराठीला सातबारा हा शब्द मिळाला.

सातबारा वाचायला शिकणे हे एका कुटुंबाचा इतिहास वाचायला शिकण्यासारखे आहे. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. त्या नंबरावरून नाव कसे लागले ते सापडते. तेव्हा जुना मालक गेला की त्याचे नाव खोडत नसत, कंसात टाकत. आजोबा कंसात, वडील कंसात, आणि खाली पाच भावंडे ओळीने. ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेले असेल तर एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकाचेच नाव लागले आहे, बाकीच्यांचा हक्क त्या तीन अक्षरांमागे उभा आहे. ‘अ.पा.क.’ असेल तर वारस अज्ञान होता आणि पालनकर्ता दाखवला होता. मूल मोठे होऊन म्हातारे झाले तरी कित्येक उताऱ्यांवर तो शेरा तसाच राहतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात विहिरीतला हिस्सा, बँकेचा बोजा, कुळाचे नाव. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनी कसणारे कूळ मालक मानले गेले, तेव्हा याच पानावर नाव होते की नव्हते यावर कित्येक घरांचे नशीब ठरले. बहिणींची नावेही बराच काळ इतर हक्कांच्या रकान्यातच ढकलली गेली.

बायकोचे नाव तर बहुधा कुठेच नसे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकाअखेर ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली आणि शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा असे सांगितले. पुढे 1992 साली शासनानेही त्याला साथ दिली. एका नावासाठी चळवळ करावी लागते, यातच त्या पानाचे वजन कळते.

मराठवाड्याची वाट वेगळी. तिथे निजामाचे राज्य, त्यामुळे जुने कागद उर्दूत, शब्दही निराळे. मोडीसाठी माणूस सापडला तरी उर्दूसाठी आणखी एक शोधावा लागतो.

1966 च्या जमीन महसूल संहितेने वारसाची खबर तीन महिन्यांत द्यावी, तलाठ्याने फेरफार धरून नमुना नऊची नोटीस काढावी, हरकतीसाठी 15 दिवस ठेवावेत आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी असा क्रम घालून दिला. क्रम चांगला आहे. पण एका सज्जात अनेक गावे, तलाठी आठवड्यातून एखाद्या दिवशी चावडीवर, आणि म्हातारी बाई वारसनोंदीसाठी पिशवीत मृत्यूचा दाखला घेऊन दारात बसलेली, हे चित्र कोणत्याही तालुक्यात परके नव्हते. 2005 च्या माहिती अधिकाराने आणि 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने त्या बाईला निदान पोच आणि मुदत मागण्याचे बळ दिले.

मग संगणक आला. हाताने लिहिलेले उतारे टंकित करताना चुका झाल्या, म्हणून 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. लोक जमले, तलाठ्याने गटनंबर, नाव, क्षेत्र मोठ्याने वाचले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनीही हात वर करून चूक सांगितली. गावचे दप्तर असे सगळ्या गावाला ऐकू येणे, ही कुलकर्ण्याच्या ओसरीपासून फार लांबची मजल होती.

1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, रात्री दोन वाजतासुद्धा. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, आणि नमुना बारा प्रथमच शेतकऱ्याच्या हातात आला. तो बांधावर उभा राहतो, फोन पिकाकडे धरतो, फोटो काढतो आणि कापूस की सोयाबीन हे स्वतः नोंदवतो. डोंगराकडच्या गावांत रेंज नसते. तिथे म्हाताऱ्या खातेदाराचा फोन नातू घेऊन टेकाडावर चढतो, नोंद गेली का ते बघतो आणि खाली हाक मारून सांगतो.